लोणच्यावरचा दगड

दगड ओळखावा तर आमच्या घराण्यानं! वडील दगडफोडे, आजोबा दगडफोडे, आणि मी नुसता हात फिरवून दगडाचं वजन सांगणारा. त्यामुळे सासूबाई जेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, लोणच्याच्या पिंपावर, मुळे दाबून ठेवायला एक दगड हवाय," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आई, असा आणतो, की मुळ्यांची मान वर करायची टाप नाही!"

मी घरजावई. आमच्या किनाऱ्यावर घरजावयाला सासरचं नाव लावावं लागतं. कोन्नो हे नाव मला लावू द्यायचं की नाही, हे सासूबाई, म्हणजे इसोनोबाई, नव्या वर्षाला माझ्या हातचं मुळ्याचं लोणचं चाखून ठरवणार होत्या. शेजारच्या वाडीतल्या जावयाचं लोणचं बुळबुळीत निघालं, तर त्याला बॅगेसकट परत धाडलं होतं! चिझुरुला, म्हणजे माझ्या बायकोला, सोडून जायच्या नुसत्या कल्पनेनं मी रात्री उठून मुळे मोजत बसायचो.

जुना दगड उन्हाळ्यातल्या भूकंपाच्या धक्क्यात फळीवरून पडून दुभंगला होता. गावामागच्या टेकडीवर, देवळापलीकडच्या गवतात मला हवा तसा सापडला. गुळगुळीत डोकं, सपाट बूड, अर्धा मातीत. ओढला तर हलणाऱ्या दातासारखा अलगद हातात आला! खालच्या खड्ड्यातून गार वारा आला, आणि त्या वाऱ्याला समुद्राचा वास होता. म्हटलं, असेल. शेजारीच एक गवताचा जाड दोर पडला होता. तोही कामी आला. त्यानंच दगड हातगाडीला बांधला. गाडीत चढवताना पायाखालची जमीन जरा डगमगली, पण म्हटलं, दगडाचं वजनच तसं!

"पहिल्यांदाच काहीतरी धड आणलंत," सासूबाई म्हणाल्या. मला आभाळ ठेंगणं झालं!

आठवड्यानं त्यांनी मुळे दाबून बघायला दगड उचलला मात्र, मागच्या बांबूच्या बनात रानकोंबडे किंचाळले. घर करकरलं. दिवा झुलायला लागला. आमच्याकडे धक्क्याचं कुणाला अप्रूप नाही. चौकट वाकून दार अडकू नये म्हणून मी ते उघडायला धावलो, चिझुरु गॅस बंद करायला. सासूबाईंनी दगड खाली ठेवला. थांबलं.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच!

"योगायोग!" चिझुरु म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवते. "समुद्रात खोल चर आहे. तिथे महासागराचा तळ आपल्या बेटांखाली सरकतो. अडकतो, ताण साठतो, सुटला की धक्का. तो काय आपल्या मुळ्यांना विचारून सुटतो?"

सासूबाईंनी दगड बोटभर उचलला. रानकोंबडे किंचाळले. टेकवला. गप्प. पुन्हा बोटभर. पुन्हा किंचाळले. भर दुपारी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दगडाला घाम फुटला होता, आणि आमचा कुत्रा अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा होता.

"जावईबापू," सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दगड आणलात कुठून?"

मी तोंड उघडतो तोच देवळाची देखभाल करणारे ओइकावा आजोबा धापा टाकत आले.

"इसोनो! टेकडीवरचा दगड गेला! जमीन हलवणाऱ्या त्या खालच्या मागूर माशाच्या डोक्यावर दाबून ठेवलेला! हलकटांनी देवाचा दोरसुद्धा सोडला नाही गं!"

त्यांची नजर पिंपावर गेली. मग हातगाडीवरच्या दोराकडे. मग माझ्याकडे.

"दगडफोड्यांचं घराणं ना तुमचं?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्ताच्या आत्ता परत ठेवा!" आजोबा ओरडले.

"ठेवतो हो! पण न्यायचा तर आधी उचलायला नको?"

टेकडीपर्यंत दगड अधांतरी राहिला, तर गावात एक कौल शाबूत राहायचं नाही. शेवटी अक्कल मीच लढवली. "उचलायचाच नाही! पिंपासकट नेऊ!"

निघाली आमची मिरवणूक! हातगाडीवर पिंप, पिंपावर दगड, दगडावर दोन्ही हात दाबून सासूबाई. "हळू! खारं पाणी हिंदकळतंय! रस्ता बघा, जावईबापू, माझ्या तोंडाकडे काय बघताय?" मागून चिझुरु, "योगायोग, निव्वळ योगायोग," असं म्हणत. डोक्यावर मात्र हेल्मेट!

खड्ड्यापाशी पोचलो. आजोबांनी काहीतरी पुटपुटत हात जोडले. मी दगड उचलला, नुसता तसूभर. या वेळी रानकोंबडे ओरडले नाहीत. काहीच ओरडलं नाही. वारा पडला, खालचा समुद्र गप्प झाला, आणि पायाखाली, फार फार खोल, काहीतरी कूस बदलायला लागलं.

"ठेव! ठेव मेल्या!" सासूबाई पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत किंचाळल्या. मी ठेवला. पिंपावरच! चिझुरुनं माझा दंड गच्च धरला होता. योगायोग म्हणाली नाही.

"आहे तसंच राहू दे," आजोबा म्हणाले. खड्डा जरा रुंद करून आम्ही पिंप दगडासकट त्यात उतरवलं आणि भोवती नवा दोर बांधला. तेव्हापासून जमीन शांत आहे. गावकरी जाता-येता आमच्या लोणच्याला नमस्कार करतात.

नवं वर्ष आलं. मी हळूच विषय काढला. "आई, ते माझ्या नावाचं..."

"लोणचं चाखल्यावर."

"पण पिंप तर उघडता येत नाही!"

"मग घाई काय आहे? राहा तोवर."

त्यालाही बरीच वर्षं झाली. अजून मी कच्चाच जावई! दर रविवारी टेकडीवर जातो, पिंपाला कान लावतो. आतून आवाज येतो. कुरुम... कुरुम... कुणीतरी सावकाश मुळा चावतंय. मी दोन पावलं मागे सरकतो, खोटं कशाला सांगू! पण लोणचं उत्तम मुरलंय, याचा याहून मोठा पुरावा कोणता? तसं मी सासूबाईंना सांगूनही पाहिलं.

"त्याचं मत आपण धरत नाही," त्या म्हणाल्या.