परक्या शहरात ठणठणीत

"बाबा, एवढं करा, आजारी पडू नका," असं लेकीने विमानतळावरच सांगितलं, आणि त्या क्षणापासून बाबांना आपण आजारी पडणार असं वाटायला लागलं.

लेकीचे दिवस भरत आले होते. इथल्या इस्पितळात बाळंतिणीजवळ एकच माणूस थांबू देत, आणि त्याला साधी सर्दी असली तरी दारातूनच परत पाठवत. खरं तर लेकीची आई यायची होती. ती गेल्या वर्षी गेली. म्हणून बाबा आले होते.

बाबांची हयात बस डेपोत फोरमनकी करण्यात गेली. गाडी बंद पडायची वाट बघायची नाही, आधीच उघडून बघायची, हा त्यांचा नियम. तोच त्यांनी स्वतःला लावला. सकाळी उठल्याबरोबर आरशासमोर आ वासून टॉर्चने घसा बघायचा. मग जीभ. मग थर्मामीटर.

"काही होतंय का, बाबा?" जावयाने विचारलं.

"नाही."

"मग बघताय काय?"

"होत नाहीये ना, तेच बघतोय."

पाणी बदललं की घसा धरतो, म्हणून त्यांनी पाणी उकळायला घेतलं. आधी प्यायचं, मग चूळ भरायचं, मग तोंड धुवायचंसुद्धा. लेक आणि जावई तपासणीला गेलेले असताना त्यांनी शेगडीवर चार पातेली चढवली, आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद केल्या. स्वयंपाकघरात वाफ कोंडली. छतावरची आगीची घंटा कोकलायला लागली, आणि अख्खी इमारत जिने उतरून रस्त्यावर आली. बाबाही आले, बनियन आणि सपातांवर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

अग्निशामक दलाच्या माणसाने एकेक झाकण उचलून बघितलं. चारही पातेल्यांत नुसतं पाणी. मग त्याने बराच वेळ बाबांकडे बघितलं.

"बाबा, नळाचं पाणी इथे तान्ही पोरंसुद्धा पितात!" परत आल्यावर जावई म्हणाला.

"पिऊ देत. त्यांना कुठे इस्पितळात थांबायचंय?"

संध्याकाळी बाबांच्या नाकात हुळहुळलं. शिंक आली नाही, पण तिचा काय भरवसा? त्यांनी डोक्यावर चादर घेऊन वाफारा घेतला. छातीला, कपाळाला, कानामागे बाम चोळला. थोडा नाकपुड्यांतही भरला. दोन स्वेटर, त्यावर कोट, गळ्याला मफलर. शेवटचं बटण लावतात तोच आतून लेकीने हाक मारली. कळा सुरू झाल्या होत्या.

टॅक्सीवाल्याने त्या थंडीतही चारही काचा खाली केल्या.

वॉर्डच्या दारात नर्सने बाबांच्या कपाळाशी तपमानाचं यंत्र धरलं. यंत्र ओरडलं. बाबांचा चेहरा लाल, डोळ्यांना धार, नाकाला त्याहून मोठी. नर्स काहीतरी म्हणाली.

"तुम्हाला ताप आहे म्हणते, आणि सर्दीही," जावयाने सांगितलं. "बाबा, तुम्ही बाहेर बसा. मी जातो आत."

"अहो, सर्दी कसली? हा बाम आहे! सांगा तिला!"

"बामाला यांच्या भाषेत काय म्हणतात, मला काय ठाऊक!"

"अरे, तू नको!" चाकाच्या खुर्चीतून लेक ओरडली. "मला बाबाच हवेत."

"मी नवरा आहे तुझा!"

"माहितीये! परवा सुई बघून आडवा झालास. रक्त माझं काढत होते!"

जावई बाकावर जाऊन बसला. नर्स खुर्ची ढकलत लेकीला आत घेऊन गेली. दार बंद झालं.

बाबा येरझाऱ्या घालायला लागले. दारापर्यंत जायचे, काचेला नाक लावायचे, परत यायचे. मग एकदम थांबले. त्यांनी कोट काढला. एक स्वेटर काढला, दुसरा काढला, मफलर जावयाच्या गळ्यात टाकला, आणि बेसिनचा नळ सोडून साबणाने तोंड, मान, छाती खसाखसा धुतली. तसेच ओलेते बाकावर बसले, गार व्हायला. इंजिन तापलं की दुसरं करणार काय?

नर्स पुन्हा बाहेर आली तेव्हा बाबा उभे राहिले आणि न सांगता त्यांनी आ केला. नर्सने यंत्र धरलं. ते गप्प राहिलं. तिने घसा बघितला, छातीला नळी लावली, दुसऱ्या नर्सला बोलावून तिच्याकडूनही खात्री करून घेतली. दोघी हसल्या आणि त्यांनी दार उघडलं.

आत लेकीने त्यांचा हात धरला. "बाबा, बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"आई बोलली असती तसं काहीतरी."

ती असती तर न थांबता बोलत राहिली असती. बाबा म्हणाले, "घट्ट धर."

लेकीने धरला. पुढच्या कळेला आणखी घट्ट धरला. त्याच्या पुढच्या कळेला बाबांच्या तोंडून किंकाळी निघाली, पण ती लेकीच्या आरोळीत बुडून गेली. आणि मग त्या दोघांपेक्षाही मोठ्याने तिसरंच कुणीतरी ओरडलं.

मुलगी झाली होती. गुटगुटीत.

आता जावयाला आत सोडलं. बाळ बघून तो रडला, आणि वेळेवर खुर्चीत बसला. डॉक्टरांनी बाळ तपासलं, बाळंतीण तपासली. दोघी ठणठणीत. मग त्यांचं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. मधलं बोट वांग्यासारखं सुजलं होतं. त्यांनी ते चाचपलं, त्याला पट्टी बांधली आणि जावयाला काहीतरी विचारलं.

"बाबा, डॉक्टर विचारतायत, हे दुखणं कशाने झालं?"

बाबांनी बांधलेलं बोट वर धरून नीट न्याहाळलं.

"सांगा त्यांना," ते ऐटीत म्हणाले, "बाळंतपणात झालं."