अस्सल पोचा

माणूस असो की वस्तू, नुसतं जुनं होऊन भागत नाही. तसा दाखला लागतो. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात स्वतः जाऊन आपण हयात असल्याचं कळवतात, ते काही उगीच नव्हे. मोटारींसाठी ही सोय आमच्या भागात पुरातन मोटार संवर्धन मंडळाने करून दिली. मंडळाचे आभार मानावेत तेवढे थोडे.

साताऱ्याच्या मेळाव्यात फाटकाच्या आत जायचं तर गाडीचा प्रत्येक भाग अस्सल लागतो. मंडळाच्या पाहणीनुसार १९३८ सालच्या एका विलायती मॉडेलच्या गाड्या सातारा-सांगलीत चार उरल्या आहेत आणि बॉनेट एक. (बाकीची तीन अनुक्रमे गव्हाणीला, हौदावर आणि न्हाणीच्या छपरात सेवा बजावून निवृत्त झाली.)

हौदावरचं बॉनेट सांगलीच्या विष्णुपंतांचं. वर्षभर भंगारबाजार पालथे घातल्यावर त्यांना मिळालं ते असं: मळणी यंत्राचं झाकण एक, बॉनेट एक (ट्रकचं), आणि सल्ले असंख्य. शेवटी फलटणचे निवृत्त सुभेदार जोतीराम यांनी आपल्या गाडीचं बॉनेट स्वतः उतरवून नमुन्याला दिलं. गाडी त्यांच्या वडिलांची. मेळाव्यात गाडी आत शिरताना तिच्या मूळ मालकाचं नाव माइकवरून पुकारतात. वडिलांचं नाव एकदा तसं कानावर पडावं, एवढीच सुभेदारांची इच्छा होती. मला तरी ती फार मोठी वाटत नाही.

कुपवाडच्या आकारामने वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ठोकून दीड महिन्यात नवं बॉनेट घडवलं. ‘हुबेहूब’ अशी लेखी सूचना असल्यामुळे त्याने जुन्यावरचा तळहाताएवढा पोचाही घडवला. (सुभेदार सरहद्दीवर असताना एका दसऱ्याला त्यांच्या पत्नी शालूबाईंनी गाडीची पूजा करून नारळ बॉनेटवरच फोडला होता. दगड लांब होता.) मग सुभेदारांच्या उपकाराची फेड म्हणून आकारामने त्यांच्या बॉनेटचा पोचा काढला आणि ते गुळगुळीत करून फलटणला धाडलं.

मेळाव्याच्या सकाळी मंडळाचे परीक्षक देवदत्त भिंग घेऊन आले. विष्णुपंतांचं बॉनेट त्यांनी वीस मिनिटं पाहिलं. निष्कर्ष असा निघाला की सदर पोचा मूळचा असून इंजिनाची उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंपनीने तो विचारपूर्वक दिला आहे. असं हातकाम आता आपल्याकडे होणे नाही. सुभेदारांच्या बॉनेटला पोचा नाही, सबब ती नक्कल.

"सायेब, त्यो पोचा नारळाचा हाय," आकाराम म्हणाला. "तिकडचा मीच ठोकलाय आन् हितला मीच काढलाय."

"तुम्ही पत्र्याचं बघा," देवदत्त म्हणाले. "इतिहासाचं आम्ही बघतो."

विष्णुपंतांना नेमका तेव्हा खोकला आला. तो थांबेपर्यंत शिक्का उमटला होता.

"आवं, दुसरा नारळ फोडू का?" शालूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"नगं," सुभेदार म्हणाले. "मंग त्यो पोचा नवा व्हईल."

चोवीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस. त्यांनी गाडी फाटकावरूनच मागे वळवून लिंबाखाली लावली. माइकवरून विष्णुपंतांच्या आजोबांचं नाव तीन वेळा पुकारलं गेलं. लिंबाखाली ते स्वच्छ ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं: या मॉडेलच्या बॉनेटला उजव्या बाजूस तळहाताएवढा पोचा अनिवार्य. आकारामकडे सध्या उरलेल्या दोन बॉनेटांचं काम आहे. (पोच्यासाठी नारळ वापरायचा नाही. नारळाने तो अस्सल वाटत नाही, असं मंडळाने कळवलं आहे.)

मेळावा तुम्हीही पाहिलात. मोबाइलमध्ये फोटो असेलच: विष्णुपंतांची गाडी, आणि पोच्यावर बोट ठेवून हसणारे तुम्ही. जुनं काम ओळखायला नजर लागते, असंही तुम्ही सोबतच्यांना सांगितलंत. आत शिरण्यापूर्वी लिंबाखालच्या एका गाडीच्या बॉनेटवर पिशवी टेकवून तुम्ही चपलेचा पट्टा लावला होता. पिशवी घसरायला लागली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाने ती धरली. त्यांना तुम्ही विचारलंत, "आजोबा, अस्सल गाड्या कुठं आहेत?"

त्यांनी हात करून आत दाखवलं.