अर्डिथबाईंचा कोपरा

डेल्मार क्लॉसनचा घसा बसला तो नेमका कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावसभेच्या दिवशी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावात लग्नापासूनचा शिरस्ता असा, की क्लॉसनांच्या घरातून कॉकसला डेल्मार जाणार आणि अर्डिथबाई गाईवासरं बघणार. पण घरातून कोणीच गेलं नाही, तर गावात तोंड कसं दाखवायचं?

"तूच जा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शाळेच्या जिममध्ये गव्हर्नरबाईंच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहा. आपला व्हर्लिन असेल तिथं. मोजणी झाली की सरळ घरी ये. आणि राजकारणावर तोंड उघडू नकोस. तुला त्यातलं कळत नाही."

"नाक कशात शिंकरायचं ते तरी मला कळतं," असं म्हणून बाईंनी त्याच्यापुढे रुमाल टाकला आणि बर्फाचे बूट चढवले.

जिममध्ये तोबा गर्दी होती. प्रत्येक उमेदवाराला एकेक कोपरा दिलेला, आणि ज्याला जो पसंत त्यानं त्या कोपऱ्यात उभं राहायचं, सगळ्या गावादेखत. गव्हर्नरबाईंचा कोपरा पार पलीकडे. दोन पावलं टाकली, तोच बाईंच्या लांब कोटाची कड बुटाच्या चेनमध्ये अडकली. ओढली तर आणखीच रुतली. पाय पुढे टाकावा तर कोट फाटतो, कोट वर घ्यावा तर पाय वर येतो. शेवटी त्या लंगडी घालत जवळच्या बाकावर टेकल्या.

इतक्यात मार्लिसनं शिट्टी फुंकली. मार्लिस शाळेची ग्रंथपाल आणि आजच्या सभेची अध्यक्ष. "दारं बंद! आपापला कोपरा धरा!"

बाईंनी वर पाहिलं. डोक्यावर पाटी होती, 'अजून ठरलं नाही'. तिच्याखाली त्या एकट्याच.

"अगं अर्डिथ!" पलीकडून व्हर्लिन ओरडला. "तिकडं काय करतेस? डेल्मारनं फोन केला होता, तू आमच्याकडची आहेस!"

"आमच्याकडे या, दालचिनीचे रोल आहेत!" सिनेटरच्या कोपऱ्यातून कोणीतरी हाकारलं.

बूट अडकलाय हे अख्ख्या गावासमोर कसं सांगायचं? "थांब जरा," बाई म्हणाल्या. "विचार करतेय."

"विचार? कसला विचार?"

आता आली का पंचाईत! काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडातून निघालं ते मनात वर्षभर खदखदत होतं तेच. "आपल्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. माझी भाची टोन्या पेट्रोलपंपावर बाळंत झाली, गाडीच्या मागच्या सीटवर. बाळाला कशात गुंडाळलं माहितेय? काच पुसायच्या कागदात! तुझ्या गव्हर्नरबाई त्याचं काय करणार आहेत, तेवढं सांग."

व्हर्लिननं हातातलं पत्रक चाळलं. मग उलटं करून चाळलं. "त्या... आरोग्याच्या बाजूनं आहेत," तो म्हणाला.

"आजाराच्या बाजूनं कोण असतं रे?"

हशा पिकला. तो विरतो न विरतो तोच एक पोटुशी मुलगी गव्हर्नरबाईंचा कोपरा सोडून चालत आली आणि बाईंच्या शेजारी बसली. "मला एप्रिलमध्ये तारीख दिलीय," ती एवढंच म्हणाली. तिच्यामागून तिची सासू आली. मग सिनेटरच्या कोपऱ्यातले दोघं आपापले रोल घेऊन आले. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा लॉवेलही आला. त्यानं बाईंच्या पायाकडे पाहिलं, खिशातून पक्कड काढली, गुडघ्यावर बसून कट्कन चेन सोडवली आणि हळूच म्हणाला, "घ्या. आता जाता येईल तुम्हाला व्हर्लिनकडे."

बाई उभ्या राहिल्या. पलीकडून व्हर्लिन दोन्ही हातांनी बोलावत होता. मोजणी अजून व्हायची होती. बाईंनी कोट झटकला, त्या पोटुश्या मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसल्या. "सरक गं जरा," त्या म्हणाल्या. "आणखी लोक येतायत."

मोजणी झाली. जिल्ह्याच्या सभेला प्रतिनिधी पाठवायचा हक्क मिळण्याइतकी माणसं 'अजून ठरलं नाही'कडे जमली होती. मार्लिसनं नियमांचं पुस्तक दोनदा पाहिलं आणि विचारलं, "यांच्यातर्फे कोण जाणार?" सगळ्या कोपऱ्यानं एकाच माणसाकडे बोट दाखवलं.

बाई घरी आल्या तेव्हा डेल्मार गरम पाण्याचा वाफारा घेत बसला होता. "कोण जिंकलं?"

"ठरलं नाही."

"म्हणजे मोजणी झालीच नाही?"

"झाली ना. 'ठरलं नाही'ला एक प्रतिनिधी मिळाला. मी."

डेल्मार पंच्याखालून बाहेर आला. इतक्या वर्षांत त्याला कोणी साधं खुर्च्या लावायलासुद्धा निवडलं नव्हतं. रागावला असता, पण आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र घसा बसलेला असूनही तो गळ्याला मफलर गुंडाळून सकाळीच कॉफीच्या हॉटेलात हजर झाला. व्हर्लिन आधीच तिथं तोंड पाडून बसला होता.

"काय रे डेल्मार, बायको आता कोणाच्या बाजूला वळणार? गव्हर्नरबाईंची माणसं मला विचारतायत. सिनेटरचा तर फोन येऊन गेला."

डेल्मारनं सावकाश कॉफी ढवळली. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून बसलेल्या घशाला जमेल तेवढा ताण दिला.

"तिची वेळ मागून घ्या," तो म्हणाला. "मलाही अजून मिळालेली नाही."