धोंडोपंतांचं उष्टं पिस्तूल

एका जंगलात, पोरांनो, सगळी सुधारणा होऊन गेली होती. पाणवठ्यावर रांग लागायची, वडाखाली कचेरी भरायची आणि टेकडीमागे साळिंदरशेटचा पिस्तुलांचा कारखाना चालायचा. साळिंदराच्या पाठीवर जन्मापासून हत्यारंच. त्याने दुसरा कुठला धंदा करावा?

त्या जंगलात नदीकाठी धोंडोपंत नावाचं पाणमांजर राहायचं. पाणमांजर मुळातच पाण्यातलं, त्यात हे धोंडोपंत. मासा धरायच्या आधी आंघोळ, धरल्यावर आंघोळ, खाल्ल्यावर आंघोळ. मासासुद्धा धुऊन खायचे. नदीतला मासा, नदीतच धुवायचे. हसू नका. तुमच्याही घरात असं कुणीतरी आहे, मला नाव माहीत आहे.

घरात बायको आवडाबाई आणि दोन पिल्लं. पिल्लं चिखलात लोळायची म्हणून पंत त्यांना शिवत नसत. आवडाबाई ती चिखलातली पिल्लं उचलायची म्हणून तिलाही शिवत नसत. तरी पिल्लं दोन कशी झाली, ते मोठे झालात की कळेल.

संसार असा सोवळ्यात चालला होता, आणि एक दिवस दारात भाऊसाहेब तरस उभे राहिले.

"पंत," ते म्हणाले, "सगळा जन्म वाघाचं उष्टं खाण्यात गेला. वाघाने टाकलेलं, त्यावर कोल्ह्याने तोंड मारलेलं, त्यावर माश्या बसलेल्या. आता वय झालं. एकदा तरी ताजं, कोरं, कुणाचं तोंड न लागलेलं खावं म्हणतो. तुमची पिल्लं छान गुटगुटीत आहेत. येत्या बाजारच्या दिवशी येतो."

"या की," पंतांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

तरस दिसेनासा झाल्यावर पंत धावले ते थेट टेकडीमागे, आणि पिस्तूल घेऊनच परतले. नवं कोरं, केळीच्या पानात गुंडाळलेलं, वर साळिंदरशेटची लाखेची मोहर. पंतांनी आंघोळ केली, पाट मांडला आणि पिस्तुलाला हळदकुंकू वाहायला बसले. आधी पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडकं काळं झालं. नळीत काडी घातली. काडी काळी झाली. नाक लावलं तर फटाक्यासारखा जळका वास.

पंत पाटावरून उठलेच.

"आवडे, हे उष्टं आहे."

"काय, पिस्तूल?"

"कुणीतरी आधी उडवलंय. वापरलेला माल गळ्यात मारला साळिंदऱ्याने."

"मग बरंच की. उडतंय हे तरी कळलं."

"तुला नाही कळायचं. मी कोरं म्हणून घेतलं होतं."

"तरसाला मारायचंय, का त्याच्याशी सोयरीक जमवायचीय?"

पिस्तूल दोन बोटांच्या चिमटीत धरून पंत गाऱ्हाणं सांगत जंगलभर निघाले. आता जंगलात डोळ्यांनी बघितलेलं कुणाला पटत नाही, हुंगलेलं पटतं. म्हणून जो भेटेल त्याच्या नाकाला पंत नळी लावायचे.

"हुंगा. आणि सांगा, उडवलंय का नाही."

भेकराने हुंगलं आणि ते चार पावलं मागे सरकलं. "उडवलंय, पंत. पण मी तुम्हाला कधी वावगं बोललो नाही हो."

रानडुकराने हुंगलं. "कुणावर उडवलं?"

"तेच तर मला शोधून काढायचंय," पंत म्हणाले आणि तरातरा पुढे गेले.

झालं. डुकराने हे साळुंकीला सांगितलं, आणि साळुंकीला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली. दुपारपर्यंत पंतांनी एकाला गार केलं होतं. संध्याकाळपर्यंत तिघांना. चौथ्याला शोधत हिंडतायत म्हणे. बाजारच्या दिवशी भाऊसाहेब ओठ चाटत निघाले होते, त्यांच्या कानावर हे आलं आणि ते निम्म्या वाटेवरून माघारी वळले. निरोप तेवढा धाडला: पोट बिघडलंय, पिल्लांना आशीर्वाद.

"तरस आला नाही," आवडाबाई म्हणाली. "का आला नाही, विचार केलात?"

"त्याचं राहू दे. माझं पिस्तूल उष्टं निघालं, त्याचं काय?"

आणि पंत कारखान्यात जाऊन भांडायला उभे राहिले.

साळिंदरशेट शांत गडी. "पंत, ते आम्हीच उडवलंय. प्रत्येक पिस्तूल बाहेर पडायच्या आधी मातीच्या ढिगावर उडवून बघतो. चालतं याची खात्री नको? वहिनी आमटी चाखून बघत नाहीत?"

"आमच्यात नैवेद्याचं काही चाखत नाहीत."

"आणि मीठ कमी पडलं तर?"

"देव काही बोलत नाही."

देवच बोलत नाही तिथे आपण कशाला बोला, असा विचार करून साळिंदरशेटने आतून एक न उडवलेलं पिस्तूल आणून दिलं. सोवळं म्हणून दाम चढा लावला. पंतांनी तो आनंदाने मोजला.

परत तीच वाट, परत तीच नाकं.

"हुंगा. कसला वास येतो?"

"कसलाच नाही," भेकर म्हणालं.

"येणार कुठून? एकदासुद्धा उडवलेलं नाही."

"असं होय," म्हणत भेकर चार पावलं पुढे आलं. रानडुकराने तर नळीला नाक पुसून घेतलं. वर फांदीवर साळुंकी बसलेलीच होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, भाऊसाहेब अंगणात हजर. पंत नुकतेच न्हाऊन दारात बसले होते. त्यांनी पिस्तूल रोखलं. भाऊसाहेबांनी जवळ येऊन नळी हुंगली, मान डोलावली आणि म्हणाले, "दाबा."

पंतांनी दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. खट्. आत कुठलीशी कमान अडकून बसली होती, आणि ती अडकते हे कारखान्यात कुणी बघितलंच नव्हतं.

"सुरेख आहे," भाऊसाहेब म्हणाले. "डाग म्हणून नाही कुठे. पिल्लं कुठायत?"

पंत नुसते खट् खट् दाबत राहिले. आवडाबाई मात्र पुढे आली. तिने एक पिल्लू चिखलातून उचललं, नाकापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं, कानाला दात लावले. मग दुसरंही तसंच. मग दोन्ही भाऊसाहेबांपुढे ठेवली.

"घ्या. दोन्ही आत्ता माझ्या तोंडातून निघालीत. सकाळी त्यांचं एकमेकांनाही चघळून झालंय."

भाऊसाहेबांनी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, हे बरं नाही केलंत. उष्टंच खायचं तर वाघाचं काय वाईट? त्याला निदान प्रतिष्ठा तरी आहे."

ते वळले. वळता वळता थांबले. नाक वर केलं. अंगणात काहीतरी स्वच्छ न्हालेलं, वर्षानुवर्षं कुणी न शिवलेलं बसलं होतं.

"पंत," भाऊसाहेब मायेने म्हणाले, "तुम्ही अगदी कोरे आहात हो."

इतक्या वर्षांत कुणीतरी कदर केली, असं पंतांना क्षणभर वाटलं. मग उजेड पडला.

"आवडे, चाट मला."

"शिवू कशी? सोवळ्यात आहात."

"मोडलं सोवळं. चाट."

"थांबा, तोंड धुऊन येते."

"नको धुऊस, आहेस तशी ये. आणि तुम्हीही या रे दोघं, चिखलासकट."

मग काय विचारता. पिल्लं जन्मात पहिल्यांदा बापाच्या अंगावर चढली. एकाने मिशी चघळली, दुसऱ्याने पाठ लडबडून टाकली. आवडाबाईने कानाचा असा चावा घेतला की त्यात बऱ्याच वर्षांचं साठलेलं होतं. पंत हूं की चूं न करता उभे राहिले. भाऊसाहेबांनी शेवटचं एकदा हुंगलं, "शी" म्हणाले आणि वाघाच्या पंगतीला निघून गेले.

तात्पर्य: पोरांनो, हत्यार घ्यावं तर कोरंच घ्यावं, कुणी न उडवलेलं. ते उडत नाही, हाताला काळं लागत नाही आणि दसऱ्याला पाटावर कसं झळकतं. तरस आलाच तर बायको असते. तिची पूजा करायची पद्धत नाही.