भिंतीचा खोकला

प्रस्तुत घर माझ्या मालकीचे असून त्यात मी, माझी पत्नी आणि माझे वडील असे तिघे जण राहतो, हे सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. पुढे याच मुद्द्यावर गोंधळ झाला, म्हणून.

मी एका कार्यालयात अव्वल कारकून आहे. माझ्या बोलण्यात ‘सबब’ आणि ‘सदरहू’ येतात म्हणून बायको हसते. हसू दे. सदरहू म्हटलं की समोरचा माणूस निदान खुर्चीत सरळ बसतो.

स्वतःचं घर होण्यापूर्वी आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि बाबा दोन खोल्यांच्या मधल्या बोळात झोपत. न्हाणीघराकडे जाणारा प्रत्येक जण त्यांना ओलांडून जाई. बाबा बसकंडक्टर होते. नोकरीत आयुष्यभर वाटेत उभे राहिले आणि निवृत्तीनंतर वाटेत आडवे झाले, असं ते स्वतःच म्हणत. नवं घर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच मागणी केली.

“मला दार असलेली खोली दे. आत जाईन, दार लावून घेईन. आत काय करणार म्हणून विचारू नकोस. काहीच करणार नाही.”

मागणी रास्त होती. मी ती मंजूर केली. नव्या घरात पाऊल ठेवल्याबरोबर बाबांनी आपल्या खोलीचं दार आतून लावलं, बाहेरून लावलं, मग बाहेर उभं राहून रिकाम्या खोलीवर टकटक केली आणि आतून कोणी काही बोलत नाही याची खात्री करून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिस्तच लावली.

मी टकटक करायचो.

“कोण?”

“मी, बाबा.”

“काय काम आहे?”

“चहा झालाय.”

“थांबा जरा. बघतो.”

आणि मग बराच वेळ काही नाही. माझ्या टेबलापाशी येणाऱ्या लोकांना मी नेमकं हेच सांगतो. ते एवढं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. पण बाबांचा चेहरा असा खुलला होता की मी दाराबाहेर मुकाट्यानं थांबायचो. आमचं बरं चाललं होतं.

मग मेहुणी आली. तिनं सगळं घर हिंडून पाहिलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, “छान आहे गं ताई. फक्त मोकळं नाही वाटत.”

झालं! बायकोनं त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. आठवड्याच्या आत आमच्याकडे सजावटकारबाई हजर झाल्या. बाई नखशिखांत पांढऱ्या होत्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, कारण खुर्ची त्यांना मान्य नव्हती.

“मला पसारा सांगू नका. तुम्हाला घर कसं हवंय, ते एका शब्दात सांगा.”

“मोकळं,” बायको म्हणाली.

कार्यालयात असा शब्द आला असता तर मी आधी व्याख्या मागवली असती. मोकळं म्हणजे किती, कोणाच्या मते, आणि कोणाला वगळून? बाई डोळे मिटून म्हणाल्या, “मोकळं असणं सोपं आहे, मॅडम. मोकळं वाटणं ही कला आहे.” मी मान डोलावली. न समजलेल्या गोष्टीला मान डोलावण्याचा मला नोकरीतला दांडगा अनुभव आहे.

पहिल्या टप्प्यात घड्याळ, कॅलेंडर आणि किल्ल्यांचे हूक निष्कासित करण्यात आले.

“कॅलेंडरमुळे भिंत तुटते, सर.”

“पण तारीख?”

“तारीख मोबाइलमध्ये असते. भिंतीला तिचं काय करायचंय?”

भिंतीला नवा रंग लागला. त्याचं नाव ‘धुकट शांतता’. मी तो पांढरा आहे असं म्हणालो तेव्हा बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी रंग या विषयावर बोलणं कायमचं थांबवलं. रंगाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं तर तोही इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “पांढराच आहे हो. पण बाईंपुढे म्हणू नका.”

दुसऱ्या टप्प्यात कपाटं आली. जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीसारखीच, भिंतीच्याच रंगाची. फ्रिज त्यांच्यात गेला, चपला गेल्या, झाडू गेले, सगळी बटणं एका झाकणाआड गेली. पंखा लावायला गेलं की दारावरची घंटा वाजायची आणि बायको दार उघडायला धावायची. तिसऱ्या टप्प्यात बाईंनी दारांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“या मुठी आणि कड्या बघा. नजर कशी अडकते!”

“मग दार उघडायचं कसं?”

“हलकेच दाबायचं, सर. दार तुमच्याकडे स्वतः येतं.”

मुठी गेल्या, चौकटी गेल्या, दारांना धुकट शांतता फासली. आमच्या दिवाणखान्याला आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग भिंत होती. बाईंनी टाळ्या वाजवल्या. “आता बघा, कसं मोकळं वाटतंय!”

खरोखरच वाटलं. फक्त त्या मोकळ्या जागेतून बाहेर कसं पडायचं, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात उशिरा पोचलो. आधी चपलांच्या कपाटात गेलो होतो, मग फ्रिजमध्ये, आणि मुख्य दार सापडेतो तिकडे हजेरीपटावर साहेबांची सही करून झाली होती. अर्जात मी ‘घरातून बाहेर पडण्याचा मार्ग वेळेत उपलब्ध न झाल्यामुळे’ असं खरं कारण लिहिलं. साहेबांनी ते घरगुती भांडण समजून सहानुभूतीनं अर्धी रजा मंजूर केली. त्याच आठवड्यात नळ दुरुस्त करायला आलेला माणूस न्हाणीघर समजून कपड्यांच्या कपाटात शिरला आणि दार मागे लागलं. आम्ही दोघं भिंत थोपटत होतो आणि आतून तो ओरडत होता, “नळ कुठाय? इथे नुसते शर्ट आहेत!”

पण खरी अडचण बाबांची झाली. ते संध्याकाळी चहाला म्हणून बाहेर आले, चहा प्यायले, उठले आणि भिंतीसमोर उभे राहिले.

“माझं दार कुठे गेलं?”

“इथेच आहे, बाबा. हलकेच दाबा.”

“कुठे दाबू?”

त्यांनी दाबलं, झाडू आले. दाबलं, फ्रिजमधला दिवा लागला. दाबलं, चपला पायावर पडल्या. बाबा दमून मधोमध उभे राहिले.

“मामंजी, मोकळं किती वाटतं ते तरी बघा,” बायको म्हणाली.

“सूनबाई, मी जन्मभर गाडीत ओरडलो, पुढं सरका, पुढं मोकळं आहे. मोकळं कधीच नव्हतं. लोकांनी सरकावं म्हणून म्हणायचं असतं ते.”

मी त्यांना त्यांचं दार शोधून दिलं. पुढच्या खेपेला सापडावं म्हणून त्यांनी तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली काढली. बायकोनं ती पुसली. त्यांनी पुन्हा काढली. तेव्हा बाईंचा फोन आला. “सर, काकांना समजवा. एवढ्या भिंतीवर एक फुली म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी.”

मी समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येणंच कमी केलं. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. बाहेर आल्यावर परत आत जाता येईल याची खात्री नसेल, तर बाहेर कशाला यायचं?

ते आत बसून खोकायचे. घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना धुकट शांततेतून खोकला ऐकू येई. मेहुणीच्या हातून तर भरला कप सांडला. बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी भिंतीला कान लावून खोकला लक्षपूर्वक ऐकला.

“आवाजानंसुद्धा जागा भरते, मॅडम.”

सबब भिंतीत आतून जाड थर बसवण्यात आला. खोकला बंद झाला. म्हणजे ऐकू येणं बंद झालं. बाहेर कोणी आहे का, आपण आलेलं चालेल का, हे विचारायला बाबा आता आतून टकटक करू लागले. एके काळी आम्ही बाहेरून करायचो, तीच टकटक.

अशात इमारतीच्या कार्यकारी समितीनं ‘सर्वोत्तम सदनिका’ ही स्पर्धा जाहीर केली. परीक्षक म्हणून अध्यक्ष, सचिव आणि या दोघांशी सहमत असलेले एक सदस्य आले. बायकोनं नवी साडी नेसली होती, भिंतीला शोभेलशी. बाई स्वतः हजर होत्या. परीक्षकांनी मधोमध उभं राहून एक गिरकी घेतली.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “काय मोकळं वाटतंय हो!”

सदस्य सहमत झाले. सचिवांनी मात्र इमारतीचा आराखडा उघडला. सचिव माझ्याच जातकुळीचे गृहस्थ, कागदाशिवाय त्यांना काही दिसत नाही.

“यात आणखी एक खोली दाखवली आहे.”

“होती,” बाई म्हणाल्या. “ती आता भिंतीत विलीन झालीय.”

विलीनीकरण हा शब्द कानावर पडताच सचिवांचं समाधान झालं. पेन काढत ते म्हणाले, “ठीक. मग राहणारे दोन.”

“तीन,” बायको पुटपुटली. “आमचे मामंजी…”

“ते कुठल्या खोलीत असतात?”

बायकोनं भिंतीकडे पाहिलं. सचिवांनीही पाहिलं. भिंत उत्तम होती.

“खोली नसेल तर माणूस ग्राह्य धरता येत नाही, वहिनी. आमचाही नाइलाज आहे.”

नियम बिनचूक होता. मी स्वतः तो कित्येकांना लावलेला आहे. मी तोंड उघडणार, एवढ्यात भिंतीतून आवाज आला. टकटक. थांबून पुन्हा टकटक.

अध्यक्षांनी मान वळवली. “शेजारी काम चालू आहे वाटतं.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली जमिनीकडे पाहिलं. तीही धुकट शांततेचीच होती. पहिला क्रमांक अगदी तोंडाशी आलेला. मी हरकत नोंदवली नाही.

“परवानगी घेतलीय का त्यांनी?” अध्यक्षांनी विचारलं, आणि शेजारच्या बिचाऱ्याला विनापरवाना ठोकाठोकीबद्दल नोटीस काढण्याचं तिथल्या तिथे ठरलं. तो माणूस तेव्हा गावाला गेलेला होता. पहिला क्रमांक आम्हाला मिळाला. मानचिन्ह भिंतीवर लावायला खिळा चालत नाही, म्हणून ते एका कपाटात ठेवलं. कोणत्या, ते अद्याप सापडलेलं नाही.

परीक्षक गेले. बाई गेल्या. मी भिंत दाबली आणि बाबा बाहेर आले. त्यांनी चहा घेतला, तोही उभ्यानंच.

“शेजारी काम चालू होतं म्हणे.”

“बाबा, ते काय झालं, की…” थर बसवताना दाराखालची फट तेवढी राहून गेली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

“असू दे रे. कुणी म्हातारा ठोकत असेल.” त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे बांधून उभे राहिले, माझ्या टेबलापाशी लोक राहतात तसे. “माझं दार तेवढं दाखवता का, साहेब?”

कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? मी तडक उठलो, भिंतीपाशी गेलो आणि दाबलं. झाडू आले. पुन्हा दाबलं. पुन्हा झाडूच आले. बाबा मागे थांबून होते, हात बांधून, काहीही घाई नसल्यासारखे. शेवटी बायको आली आणि तिनं दार उघडून दिलं. ती रडत होती. पण दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण येणार होती आणि पहिला क्रमांक मिळालेल्या घरावर फुली काढणं तिलाही बरं वाटेना.

तेव्हापासून आमचं घर पाहायला माणसांची रीघ लागली आहे. सगळे विचारतात, पडदे कुठून आणले, दिवे कुठले. बाबा आता टकटक करत नाहीत. पाहुणे असले की श्वाससुद्धा जपून घेत असतील.

तुम्हीही येऊन गेलात, आठवतं? दिवाणखान्यात मधोमध उभं राहून गिरकी घेतलीत, मग भिंतीवर हात ठेवून रंगाचं नाव विचारलंत. तुमचा हात नेमका बाबांच्या दारावर होता. हलकेच दाबला असतात तर उघडलं असतं. पण तुम्ही “किती मोकळं हो!” म्हणालात आणि जाताना बाईंचा नंबर घेऊन गेलात.

परवा बाई जिन्यात भेटल्या. तुमच्याकडचं काम त्यांनी घेतलंय म्हणे. मी विचारलं, फार काम आहे का?

“छे हो,” त्या म्हणाल्या, “एका आजींच्या खोलीचं दार तेवढं आहे.”