दम आणि दंड

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून हे मी फक्त विश्वासातल्या माणसांना सांगतो: मी मिनिटाला एकच श्वास घेतो. आता आलाच आहात बसायला, तर ऐका. समोर पट्टा घेऊन बसली आहे ती माझी सून, नर्स आहे. मिठाची बरणी तिने कपाटात कुलूपबंद केली आहे. आज माझा रक्तदाब एकशे चाळीसच्या आत निघाला तर किल्ली माझी. नाहीतर आणखी महिनाभर अळणी. मोजताना बोलायचं नसतं, म्हणून आधीच सांगून घेतो.

माणूस जन्मभर श्वास घेतो, पण त्याची पोच कुठेही देत नाही. ही अनियमितता सर्वप्रथम आमच्या वजनमापे कार्यालयाच्या लक्षात आली. तपासणीत अठ्ठेचाळीसपैकी एकावन्न जणांचा रक्तदाब जास्त निघाला (तिघांचा निकाल ऐकून पुन्हा वाढला). लगेच परिपत्रक निघालं: प्रत्येकाने रोज दहा मिनिटं सावकाश दम घ्यावा, धरावा व सोडावा. साहेबांना फक्त दम देता येत असे. तो ते नियमित देऊ लागले.

मग वयोगट पाडले. तिशीच्या आतल्यांना मिनिटाला दहा श्वास, पन्नाशीपर्यंत सहा, पुढे चार. निवृत्तीला टेकलेल्यांनी शक्यतो घरून घेऊन यावेत. घेतलेला श्वास आवक नोंदवहीत, सोडलेला जावक नोंदवहीत. दोन्ही जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. टंकलेखिकाबाईंचा एक श्वास आतच राहिला, तर सगळं कार्यालय त्यांच्या उसाशाची वाट बघत ताटकळलं. जांभईला पूर्वपरवानगी. जादा श्वासाला दंड. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी निमूटपणे दंड पुढे केले. शिपायाने पट्टे बांधले.

वर्षअखेर स्पर्धा झाली. ज्येष्ठ गटात पहिले आले निवृत्त अभिलेखपाल: मिनिटाला शून्य. (बक्षीस मुलाने स्वीकारलं. म्हणाला, वडील असते तर फार खूश झाले असते.) दुसरा मी. तेव्हापासून माझा रक्तदाब इतका खाली आहे की मोजणाऱ्याला जमिनीवर बसावं लागतं. त्यामुळे आज पट्टा बांधायची खरं तर गरजच नाही, नुसती किल्ली दिली तरी...

"बाबा, मिनिटाला एकच ना?" सूनबाई घड्याळाकडे बघत म्हणाली. "शेवटच्या मिनिटात मी बावीस मोजले."

"त्यातले निम्मे या ऐकणाऱ्यांचे असतील गं."

"एक नंबरचं खोटं! धादांत खोटं! ते तर मघापासून श्वास रोखून बसलेत." तिने माझ्या हाताला पट्टा आवळला आणि तुमच्याकडे वळली. "हसताय काय? बाही वर करा. पुढचा दंड तुमचा."