शेवटच्या खुर्चीचा प्रश्न

रिकाम्या खुर्चीने विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर देताना तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. घोलवडला, आमच्या शेजारच्या चिकूच्या वाडीत, दुपारी चार वाजता.

कर्नल वैद्य लष्कराचे जनसंपर्क अधिकारी होते. सैन्याच्या बातम्या वर्तमानपत्रांना आणि रेडिओला द्यायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण निवेदनं थांबली नाहीत. ओसरीसमोर सहा खुर्च्या, प्रत्येकीवर टाइप केलेला कागद, त्यावर खडा. "आज अठरा क्रेट चिकू उतरले. वाडीत माकड शिरल्याच्या वृत्ताला दुजोरा देता येत नाही." माकड त्यांच्या मागे कौलांवर बसलेलं असतं.

शिवाय त्यांचा एक ठरलेला प्रश्न. कोणाला नोकरी लागली, "घरी कळलं का?" बोर्डीची बस चुकली तरी तेच. नर्सरीवाली जशूबेन म्हणते, "साहेब, गाय व्याली. वासराच्या बापाला कळवायचं राहिलंय, तेवढं बघा."

साहेब हसत नाहीत. वहीत लिहून घेतात.

मी कामगारांच्या बाजूने पत्रकं काढणारा माणूस. अशा सरकारी थाटाच्या निवेदनांवर माझा जुना राग. एकदा भांडायलाच गेलो आणि कडेच्या खुर्चीवर बसू लागलो.

"ती सोडून," साहेब म्हणाले. "तिथे बाई बसल्यात."

वारा पडला होता. बाकीचे कागद निपचित होते. त्या एका कागदाचा कोपरा मात्र हळूच उचलला गेला. साहेबांनी मान झुकवून ऐकलं. मग म्हणाले, "हो बाई. आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं."

मी न भांडताच परतलो.

पुढे महिन्याभराने महामार्गावर अच्छाडजवळ ट्रक उलटला. तलासरीकडचा चालक जागीच गेला. मालकाने त्याला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं. चालकाचं नाव, फोटो माझ्या फोनवर आले. मी पेटलो होतो. पत्रक पाठवणार, एवढ्यात साहेब कुंपणापाशी आले.

"घरी कळलं का?"

"लोकांना कळायचा हक्क आहे, साहेब."

"हक्क आहेच. पण रांग आहे."

मग त्यांनी सांगितलं. ते नोकरीत असताना तलासरीच्याच एका पाड्यावरचा जवान कामी आला होता. नियम असा, की आधी घरी निरोप, मग बातमी. निरोप घेऊन निघालेला माणूस ओढ्याच्या पुरात अडकला. निरोप पोहोचला असं धरून साहेबांनी नाव देऊन टाकलं. जवानाची आई, सुकरीबाई, शेतात भाताची लावणी करत होती. बांधावरच्या रेडिओने चार वाजता तिला मुलाचं नाव सांगितलं.

"निवृत्तीनंतर इथे राहायला आलो ते त्यांच्यासाठी. दर महिन्याला जायचो. चहा द्यायच्या. कधी रागावल्या नाहीत, कधी एक प्रश्न विचारला नाही. गेल्या वर्षी वारल्या." साहेबांनी कडेच्या खुर्चीकडे पाहिलं. "आता विचारतात."

मी पत्रक खिशात घातलं. आम्ही माझ्या मोटारसायकलवर चालकाच्या पाड्यावर गेलो. त्याची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. सैन्यातला तो ताठ माणूस तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि हलक्या आवाजात बोलू लागला.

पत्रक दुसऱ्या दिवशी निघालं. मालकाच्या नावासकट, तिला विचारून.

उद्या तुमच्याही फोनवर कोणाच्या तरी मरणाचा फोटो येईल. तो पुढे पाठवण्याआधी साहेबांचा प्रश्न विचारा. उत्तर माहीत नसेल, तर बोट आवरा.